खंजेरी मागितली, ढोलकी आली

आमच्याकडे गाणं करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने कधी येत नाही. मोबाइल पुढे करतं, यूट्यूबवरचं एखादं गाणं लावतं आणि म्हणतं, "भाऊ, अस्संच पाह्यजे. फक्त शब्द आमचे." संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका असो, साड्यांचा सेल असो, तान्ह्या पोळ्याची स्पर्धा असो नाहीतर नगरपंचायतीच्या वॉर्डातला उमेदवार असो, मागणी ठरलेली. त्यांचं यात काही चुकत नाही. गाणं आपण पिढ्यान्‌पिढ्या असंच मागत आलो. १८८२ च्या 'सौभद्रा'पासून संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' छापलेली सापडते. जत्रेत मिळणाऱ्या भजनांच्या चोपड्यांत आजही 'चाल : अमुक गाण्याची' एवढंच लिहिलेलं असतं. ज्याला ते अमुक गाणं ठाऊक, त्याला पुढचं सगळं ठाऊक: ठेका कोणता, ओढायचं कुठे, तोडायचं कुठे, पेटीने जागा कुठे भरायची.

माझ्या कामात नेमकी हीच वाट बंद आहे. गाणी तयार करून देणाऱ्या सुनो या एआय यंत्राच्या रकान्यात गायकाचं नाव लिहिलं की ते अडून बसतं. 'अमक्या गाण्यासारखं' म्हणायची सोय नाही. गाणं कसं ऐकू यायला हवं ते सुट्या सुट्या शब्दांत सांगायचं: जात, वाद्य, आवाज, वेग, भाव. या शब्दांना टॅग म्हणतात. बोट दाखवून गाणं मागणाऱ्या माणसांकडून ते वर्णन काढून घ्यायचं आणि यंत्राला पटेल अशा शब्दांत बसवायचं, हा हल्ली माझा अर्धा धंदा झाला आहे.

आमचं गाव कारंजा, नागपूर-अमरावती महामार्गावरचं तालुक्याचं ठिकाण. कुरिअरवाल्याला नुसतं कारंजा सांगून भागत नाही. कंसात (घाडगे) नसेल तर माल वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड)ला जाऊन पडतो. दुकान साउंड सर्व्हिसचं. लग्न, जयंती, महाप्रसाद, प्रचार यांना भोंगे, बॉक्स आणि माइक पुरवायचे, सोबत ऑटोवर वाजवायची अनाउन्समेंट रेकॉर्ड करून द्यायची. पूर्वी ती माझ्याच आवाजात असे आणि मागे कुठल्यातरी सिनेमाचं म्युझिक. ऑटोवर वाजून विरून जाणाऱ्या गोष्टीला कोण विचारतो? पण लोक तीच जाहिरात इन्स्टाग्रामवर चढवायला लागले आणि कॉपीराइटच्या नोटिसा यायला लागल्या. २०२४ मध्ये सुनो हाताशी आलं तेव्हा माझा हिशेब साधा होता. फुकटच्या खात्यावर केलेलं गाणं धंद्यात वापरता येत नाही, पैसे भरलेल्या खात्यावरचं येतं. महिन्याला दहा डॉलर, त्यात २,५०० क्रेडिट, दर खेपेला दहा क्रेडिट जातात आणि एकाच मागणीचे दोन नमुने मिळतात. नागपूरच्या स्टुडिओत एका जिंगलला जे लागे त्यापुढे हे काहीच नाही.

काम दोन रकान्यांत चालतं. एकात गाण्याचे शब्द, दुसऱ्यात टॅग. टॅगचा रकाना आधी २०० अक्षरांचा होता. मे २०२५ मध्ये साडेचार आवृत्ती आली तेव्हा १,००० अक्षरांचा झाला. रकाना मोठा झाला म्हणून गाणी सुधारली असं मात्र नाही. वीस-पंचवीस विशेषणं कोंबली की यंत्र कुणाचंच धड ऐकत नाही. सुरुवातीच्या चार-पाच शब्दांचं वजन जास्त पडतं, हे हाताला कळत जातं. म्हणून जे हवंच आहे ते आधी, जे असलं तर बरं ते नंतर. 'आनंदी' आणि 'करुण' शेजारी ठेवले तर दोन्हींच्या मधलं काहीतरी बेचव निघतं. सगळ्यात चमत्कारिक गोष्ट नकाराची. 'गिटार नको' असं टॅगमध्ये लिहिलं की गिटार हमखास येते, कारण यंत्राने 'गिटार' तेवढं धरलं, 'नको' सोडून दिलं. नको ते लिहायला वेगळा रकाना आहे, तिथेच ते लिहायचं.

शब्दांच्या रकान्यात चौकोनी कंसाला मान आहे. [धृपद], [अंतरा], [नुसती वाद्यं], [शेवट] अशा सूचना इंग्रजीत पण चौकोनी कंसात द्यायच्या. यंत्र त्या पाळायचा प्रयत्न करतं. गोल कंसात लिहिलेलं मागचे लोक गातात, म्हणजे कोरसची ओळ तिथे टाकायची. कंसच विसरला तर यंत्र ती सूचना गाऊन टाकतं. 'इथे टाळ्या वाजवा' ही ओळ मी एका भारदस्त गायकाच्या तोंडून, आलापासकट ऐकली आहे. वाईट नव्हती.

रोपवाटिकेच्या जाहिरातीसारखं काम या पद्धतीने चहा गार व्हायच्या आत होतं. 'उत्साही, ॲकॉस्टिक, बाईचा हसरा आवाज, ढोलक, बासरी, जाहिरातीची धून, मध्यम वेग' एवढ्यावर गाडी निघते. अंबिया बहार, मृग बहार, कलमाची जात आणि फोन नंबर शब्दांत आले की गिऱ्हाईक खूश. फोन नंबर यंत्राला गायला लावू नये, तो मी वरून माझ्या आवाजात बोलतो. या कामाबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते खंजेरीबद्दल.

महामार्गाने अमरावतीकडे निघालं की तळेगाव, तिवसा आणि मग मोझरी लागतं. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज तिथला. महाराज १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले आणि १९६८ मध्ये गेले. पण आमच्या भागात भजन म्हटलं की कानात अजून त्यांचीच खंजेरी वाजते. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळ, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, हिवाळ्यात खंजेरी भजनाच्या स्पर्धा. तेव्हा एका मंडळाचे बुवा दुकानात आले आणि स्पर्धेच्या जाहिरातीसाठी अर्ध्या मिनिटाचं गाणं मागितलं, त्यात नवल काही नव्हतं. मी टॅग लिहिले: मराठी, भजन, पुरुष आवाज, खंजेरी, टाळ, हार्मोनियम.

आलं ते योगासनांच्या व्हिडिओमागे वाजतं तसलं. सतार, बासरी, मागे सिंथेसायझरचा धूर आणि एक सद्‌गृहस्थ अर्ध्या झोपेत देवाचं नाव घेताहेत. बुवांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे कोनाच्या घरचं भजन व्हय?"

'भजन' या टॅगला चिकटलेली सतार कुठून आली याचा मी नंतर माग काढला. यंत्राला गाण्याची नावं शिकवायची म्हणजे गाण्याचे तुकडे आणि त्यांच्यापुढे माणसांनी लिहिलेले शब्द अशा जोड्या लागतात. या क्षेत्रात खूप वापरला गेलेला संच २००२ चा, जीटीझॅन नावाचा. दहा प्रकार, प्रत्येकी तीस सेकंदांचे शंभर तुकडे: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डिस्को, हिपहॉप, जॅझ, मेटल, पॉप, रेगे, रॉक. झालं, संपलं जगाचं संगीत. २००९ च्या मॅग्नाटॅगअट्यून या संचात १८८ टॅग आहेत आणि ते एका खेळातून जमवलेले. दोन अनोळखी माणसं इंटरनेटवर एकेक तुकडा ऐकत, सुचतील ते शब्द लिहीत आणि एकमेकांच्या शब्दांवरून ताडत, की आपण दोघं एकच गाणं ऐकतोय का. या १८८ मध्ये 'इंडियन' आहे आणि 'सितार' आहे. ज्याने आयुष्यात आपलं संगीत दोनदा ऐकलं असेल, त्याला तिसऱ्यांदा ऐकताना हे दोनच शब्द सुचणार. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये वर्णनावरून गाणं बनवणारं म्युझिकएलएम दाखवलं, तेव्हा सोबतच्या संचात ५,५२१ तुकडे होते आणि त्यांची वर्णनं संगीतकारांनी पूर्ण वाक्यांत लिहिली होती. एका शब्दाच्या टॅगवरून वाक्यावर येणं ही मोठी उडी खरी, पण खंजेरी भजनाचं वाक्य लिहिणारा त्यांच्यात कोणी असेल असं मला वाटत नाही.

सुनोच्या पोटात काय काय आहे याची यादी कुणी प्रसिद्ध केलेली नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि त्याच जातीच्या युडिओवर कॉपीराइटचे दावे लावले. त्याला उत्तर देताना सुनोने कोर्टात कबूल केलं की उघड्या इंटरनेटवर असलेलं, बऱ्या दर्जाचं जवळजवळ सगळं संगीत त्यांनी शिकवणीला वापरलं. कंपन्यांचं दुखणं त्यांच्याजवळ. मला त्या कबुलीतून वेगळीच आशा वाटली. यूट्यूबवर आमच्याकडच्या स्पर्धांची भजनं ढिगाने पडली आहेत. त्यातलं थोडंफार आत गेलं असेल, तर तो आवाज यंत्रात कुठेतरी आहे, फक्त 'खंजेरी' या नावाने तो सापडत नाही, कारण त्याच्यापुढे ते नाव कुणी लिहिलेलं नाही. मग त्याला दुसऱ्या दाराने गाठायचं.

दारं पुष्कळ ठोठावली. 'खंजेरी' लिहिलं की ढोलकी यायची. 'कंजिरा' लिहिलं की दाक्षिणात्य मैफल उभी राहायची, मृदंगासकट. 'टँबुरीन' लिहिलं की अमेरिकेतल्या चर्चमधली मंडळी टाळ्या वाजवत नाचायला लागायची. 'मराठी लोकसंगीत' लिहून पाहिलं तर फडावरची ढोलकी नाहीतर कोळीगीत. यंत्राचा महाराष्ट्र म्हणजे मुंबई आणि फार तर नारायणगाव. भारत म्हटलं की सतारीत हरवायचं आणि महाराष्ट्र म्हटलं की लावणीत, अशी आमच्या वऱ्हाड-नागपूरची दुहेरी गंमत आहे. टीव्हीवर तरी याहून वेगळं काय होतं म्हणा.

शेवटी मी बुवांनाच विचारलं, "बुवा, ज्यानं खंजेरी कधी पाह्यली नाही त्याले तुम्ही ती कशी सांगसान?"

त्यांनी सोबत आणलेली खंजेरी माझ्या टेबलावर ठेवली. लाकडाचं कडं, एका अंगाला ताणून बसवलेलं चामडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या, हाताच्या घामाने एका बाजूला काळवंडलेल्या. "हे पाय," ते म्हणाले, "आधी थाप बोलते, मंग चकती बोलते. थाप सुकी पाह्यजे, घुमली नाही पाह्यजे. घुमली का तो डफ झाला." मग एक ओळ गाऊन दाखवली. "गाणारा न वाजवणारा एकच. म्हणून जिथं श्वास घेतो तिथं खंजेरी वाढते. मागचे चार-पाच जण ओळ उचलतात, पण गोड नाही उचलत, दणक्यात उचलतात. टाळ बारीक. पेटी गळ्याच्या मागं मागं, पुढं नाही." त्यांनी खंजेरी उचलून पुन्हा पिशवीत ठेवली. "न् हे सारं उघड्यावर. देवळापुढं, रात्री. भिंत नसते, म्हणून आवाज परत येत नाही."

एवढं नेमकं बोलणं मी कुठल्या साउंड इंजिनिअरकडूनही ऐकलेलं नाही. त्यांच्या बोलण्याचे मी जसेच्या तसे टॅग केले. इंग्रजीत लिहिले, पण अर्थ असा: हातात धरायचं लहान चामडी वाद्य, पितळी चकत्या, सुकी थाप, घुमारा नाही, खड्या आवाजाचा पुरुष, वरच्या पट्टीत, चार-पाच खेडूत माणसं प्रत्येक ओळ जोराने परत म्हणतात, बारीक टाळ, पेटी आवाजाच्या मागे, रात्री उघड्या अंगणात केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. नको त्या रकान्यात: सतार, बासरी, सिंथेसायझर, तबला, ढोलकी, प्रतिध्वनी.

जे आलं ते खंजेरी भजन नव्हतं, पण त्याच्या गल्लीतलं होतं. थाप सुकी होती. मागची माणसं माणसांसारखी, थोडी मागेपुढे होत गात होती. विशेष म्हणजे फरक वाद्याच्या वर्णनाने पडला त्याहून जास्त 'कच्चं रेकॉर्डिंग' आणि 'घुमारा नाही' या दोन टॅगनी पडला. तेवढं लिहिलं की यंत्र आपली पॉलिश खाली ठेवतं. तेव्हापासून कोणत्याही गावरान कामात मी वाद्याच्या आधी जागा लिहितो: मंडप, चौक, देवळाचा ओटा, चालता ट्रॅक्टर. वाद्यांची नावं यंत्राला येवोत न येवोत, खोलीत आवाज कसा होतो आणि मैदानात कसा, हे त्याला छान कळतं.

बुवांनी दुसरा नमुना निवडला आणि एक दोष काढलाच. "हा 'टाळ' नाही म्हणत, 'टाल' म्हणते."

ळ हे या कामातलं रोजचं भांडण. यंत्राला देवनागरी वाचता येते, पण वाचतं ते हिंदीच्या सवयीने. कळीची कली होते, पोळ्याचा पोला होतो. 'चांगला' मधला च 'चहा' मधल्या च सारखा येतो आणि गाणं एकदम परगावचं होऊन जातं. गिऱ्हाईकाला व्याकरण सांगता येत नाही, पण कान पक्का असतो: "भाऊ, हा मानूस हिंदी हाय न मराठी गाऊन रायला." त्याला उपाय म्हणजे शब्दांची जागा बदलणं. ळ ओळीच्या शेवटी, लांबवायच्या सुरावर येऊ द्यायचा नाही. मध्ये घाईत आला तर खपून जातो. काही वेळा शब्दच बदलायचा. गंमत अशी, की आमच्याकडची बोली लिहिली तर हा प्रश्न उरतच नाही, कारण आमच्या खेड्यांत ळ चा य कधीच झालेला आहे. 'डोळ्यात' ऐवजी 'डोयात' लिहिलं की यंत्र ते बिनचूक म्हणतं आणि गिऱ्हाईक हसून पैसे देतं. तालुक्याच्या ऑफिसातल्या लोकांना मात्र ते आवडत नाही, त्यांना प्रमाण मराठीच हवी असते.

निवडणुकीच्या दिवसांत वेगळीच पंचाईत. उमेदवार कुठलाही असो, त्याला आवाज एकच हवा असतो: "आनंद शिंदेंसारखा." नाव लिहिता येत नाही हे बरंच आहे. लिहिता आलं असतं तरी मी लिहिलं नसतं, असं मला वाटतं. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना असल्या बाता मारणं सोपं नसतं, म्हणून ते कुलूप बाहेरूनच लागलेलं चांगलं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या अर्जावर, त्यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ सिनेमात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने उभे केले, पण त्यांच्या घरच्यांना विचारून आणि मोबदला देऊन. या दोन गोष्टी दुकानात मी सांगतो. ज्याला पटतात त्याला पटतात.

मग उमेदवाराला विचारायचं, "भाऊ, त्यांच्या आवाजात तुम्हाले काय आवडते?" आधी तो गोंधळतो. आवाज आवडतो म्हणजे आवडतो, त्यात सांगायचं काय? पण चहा येईपर्यंत बोलायला लागतो. "दमदार हाय. छातीतून येते. ओळीच्या शेवटी वर फेकते, जसा भाषणात हात वर करते. न् शब्द सारे समजते, भोंग्यावर बी." हे सगळं टॅगमध्ये बसतं: भरदार पुरुष आवाज, किंचित खरखर, ओळीच्या शेवटी उसळणारा, शब्दोच्चार स्वच्छ, मोकळ्या मैदानातल्या लाउडस्पीकरसारखा. येतो तो तिसऱ्याच कुणाचा तरी आवाज, आणि तसाच यायला हवा. ऐकून गिऱ्हाईक म्हणालं की हे तर तेच आहेत, तर तो नमुना मी बाजूला ठेवतो. म्हणालं, "हा कोन व्हय? चांगला गाते," तर देतो.

तान्ह्या पोळ्याच्या वेळी मात्र टॅगचं काही चाललं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून आणतात. खऱ्या पोळ्याला गवळाऊ बैल मिरवणारा हा तालुका, हेटीकुंडीचं पैदास केंद्रही इथलंच, त्यामुळे लाकडी बैलाच्या डौलातही लोक शिंगाचा बाक बघतात. मंडळाला हव्या होत्या झडत्या. झडती गायची नसते, म्हणायची असते. एकजण ठसक्यात म्हणतो आणि सगळा जमाव शेवटी एका आवाजात गर्जतो. वाद्य नाही. यंत्राला नेमकं हेच सोसत नाही. 'बोललेलं, जमावाचा गजर, वाद्य अजिबात नाही' असं लिहा, सगळी वाद्यं नको त्या रकान्यात घाला, चार ओळी ते दम धरतं आणि पाचवीला खालून ड्रम सुरू करतं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळांसाठी 'घंटा' लिहिलं तर नाताळ आला. 'गाईच्या गळ्यातली घंटा' लिहिलं तर टणक ठोक्याची, क्यूबन बँडमध्ये वाजते ती काउबेल आली. मी शेजारच्या वॉर्डातली पोरं दुकानात बोलावली, एकाच्या घरून खरी घुंगरमाळ आणवली आणि माइक लावला. चिवड्याचा खर्च सोडला तर सुनोपेक्षा स्वस्तच पडलं. ज्या गोष्टीला दहा पोरं आणि एक माइक पुरतो तिच्यासाठी टॅग घासत बसणं हा वेळेचा सत्यानाश आहे, असं माझं मत झालं ते तेव्हा.

तालाचंही तसंच. भजनी ठेका, केरवा, दादरा इथवर यंत्र सोबत येतं. सात मात्रांचा रूपक मागितला की दोन ओळी सांभाळतं आणि मग हळूच एक मात्रा वाढवून आठाच्या घरात जाऊन बसतं. पट्टीही अशीच सैल. बुवांची काळी दोन, म्हणजे इंग्रजीतली डी शार्प, लिहून दिली तरी येईलच याची खात्री नाही; नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवावी-उतरवावी लागते.

बुवा यंदा परत आले ते उलटं काम घेऊन. मंडळाची पेटी वाजवणारा मुलगा पुण्याला कंपनीत लागला आणि स्पर्धा तोंडावर आली. "गळा आमचा, खंजेरी आमची, टाळ आमचे," बुवा म्हणाले. "तू नुस्ती पेटी दे." हे मला सोपं वाटलं, कारण 'हार्मोनियम' हा शब्द यंत्राला चांगला ठाऊक आहे. हातपेटी, भात्याचा श्वास ऐकू यावा, एकटीच, गाणं नाही, मंद भजनी चाल, असं लिहिलं. निघालेल्या तुकड्यात मागे बारीक काहीतरी वाजत होतंच. पैसे भरलेल्या खात्यावर गाण्याचे पदर वेगळे करून मिळतात, त्यातला पेटीचा तेवढा उचलला. चाल मंडळाची नव्हती, म्हणून सुरांचा भरणा तेवढा घेऊन त्यांच्या चालीवर कापून बसवला.

अडचण वेगाची निघाली. खंजेरी भजन जिथे सुरू होतं तिथे संपत नाही. चढत जातं आणि शेवटच्या अंतऱ्याला दुप्पट होतं. किती चढायचं हे आधी ठरलेलं नसतं, समोर बसलेल्या माणसांवर असतं. यंत्राची पेटी पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत एकाच चालीने चालली. 'हळूहळू वेग वाढतो' हा टॅग ते एखाद्या पायरीने पाळतं, मग उडी मारतं. वेगवेगळ्या वेगाचे तुकडे करून मी ते जोडून दिले. मंडळाने ब्लूटूथ स्पीकरवर लावून सराव केला. बुवा सांगायला आले, "पेटी आमच्या मागं आली पाह्यजे. हिच्या मागं आम्हालेच पयावं लागते."

सरावाला मात्र ते अजून तीच लावतात, सूर धरायला बरी पडते म्हणून. स्पर्धेसाठी त्यांनी तळेगावकडच्या एका पेटीवाल्याला सांगून ठेवलं आहे. येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण. मी बिल दिलं तेव्हा खजिनदारांनी बराच वेळ वही चाळली, कारण असल्या खर्चाला मंडळाच्या वहीत खातं नव्हतं. शेवटी त्यांनी ते 'पेटी दुरुस्ती' खाली लिहिलं आणि वरचे पन्नास रुपये कापून घेतले.